वर्कशॉपात मराठी मागा

दादाच्या मुलाची दहावी यंदा झाली. मराठी माध्यम, कर्नाटकातल्या सीमाभागातला बेळगावजवळचा खानापूर तालुका, गणितात चांगले गुण. त्याला आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घ्यायचाय. एवढ्यावरून आमच्या भावकीच्या ग्रुपवर आठवडाभर जे चाललंय ते वाचून माझं डोकं तापलंय.

थोरले काका म्हणतात, "आयटीआयला घालून काय करतासा? तिथं सगळं कानडीतच चालतंय की." मधले म्हणतात, महाराष्ट्रात चंदगडला नाहीतर कोल्हापूरला पाठवा, निदान मराठी तरी राहील. धाकट्यांनी २०२४ च्या जुलैतलं विधेयक उकरून काढलं. कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने तेव्हा उद्योगांतल्या व्यवस्थापनाबाहेरच्या ७० टक्के जागा स्थानिकांना द्यायचं ठरवलं होतं. त्यात स्थानिक ठरायला राज्यात जन्म, १५ वर्षं वास्तव्य आणि कन्नड लिहिता-वाचता-बोलता येणं, एवढं लागणार होतं. उद्योजकांनी ओरड केल्यावर सरकारने ते लगेच बाजूला ठेवलं. आमच्या ग्रुपवर मात्र ते रोज नव्याने मंजूर होतं.

पोरगं तिथे दोन वर्षांत काय शिकणार, हे एकाही काकांनी विचारलेलं नाही. मला राग आला तो त्याचा.

मी बेळगावातच आयटीआय केला. वायरिंगचे बोर्ड, स्टार-डेल्टा स्टार्टर, मोटर रिवाइंडिंग हे सगळं हाताने केलं. आमचे सर जीव तोडून शिकवायचे. पण पुस्तक इंग्रजी, समजावणं कन्नडमध्ये, आणि मागच्या दोन बाकांवर बसलेले आम्ही खानापूर-नंदगडकडचे मराठी माध्यमाचे. फेज आणि न्यूट्रल कळायचं. अर्थिंग कशासाठी, फॉल्टचा करंट कुठून कुठे जातो, हे कळल्यासारखं करून पुढे जायचो. नंतर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत लागलो. फर्नेसच्या पॅनेलमध्ये माझा हात होता आणि खाली कुणीतरी काढलेला फ्यूज परत बसवायला घेतला. धारवाडकडचा एक फिटर जोरात ओरडला. कन्नडमध्ये ओरडला. मला कन्नड कळत होतं म्हणून हात बाहेर आला. कन्नड शिकलं की मराठीपण जातं, असं मला कुणी सांगू नये.

इथे जर्मनीत उल्मला आलो तेव्हा माझ्या कागदांना अनेर्केनुंगमध्ये, म्हणजे परदेशी शिक्षणाच्या पडताळणीत, अर्धीच मान्यता मिळाली आणि उरलेलं कंपनीत शिकून पुरं करावं लागलं. पहिल्या आठवड्यात मला पक्कड दिली नाही, कुलूप दिलं. माझ्या नावाचं. सोबत पाच नियम, ठरलेल्या क्रमाने. पुरवठा तोडायचा. तो परत चालू होणार नाही असा बंदोबस्त करायचा, कुलूप त्यासाठी. वीज खरोखर गेली का ते मोजायचं, तेही दोन टोकांच्या टेस्टरने. आपल्याकडे खिशाला लावतात त्या निऑनच्या स्क्रूड्रायव्हरने नव्हे. मग अर्थ करून शॉर्ट करायचं. शेवटी शेजारचे जिवंत भाग झाकायचे. इथला आत्सुबी, म्हणजे शिकाऊ कामगार, झोपेतून उठवला तरी हे पाच म्हणून दाखवतो, कारण ते त्याला त्याच्या भाषेत शिकवलेले असतात.

त्या आत्सुबीची आउसबिल्डुंग, म्हणजे कामाचं शिक्षण, साडेतीन वर्षांची. करार कंपनीशी, पगार पहिल्या महिन्यापासून. आठवड्यातले एक-दोन दिवस बेरुफ्सशूले या व्यवसायशाळेत, बाकीचे कारखान्यात. परीक्षा दोन भागांत होते आणि परीक्षक नुसतं जोडणी बघत नाही. ही वायर एवढ्याच जाडीची का घेतलीस, हा ब्रेकर का, असं समोर बसवून विचारतो. पुढे माइस्टर, म्हणजे त्या कामातला उस्ताद, झाला तर देशाच्या पात्रतेच्या चौकटीत तो सहाव्या पातळीवर, म्हणजे बॅचलरच्या बरोबरीला. आयटीआय म्हणजे नापासांची जागा असं म्हणणाऱ्या माझ्या काकांनी एकदा आमच्या माइस्टरच्या टेबलाशी उभं राहून बघावं. इंजिनिअर त्याच्याकडे ड्रॉइंग घेऊन येतात आणि तो नाही म्हणाला तर ते ड्रॉइंग परत जातं.

आता मी राहतो ते गाव. डॅन्यूबच्या या काठाला उल्म, पलीकडे नॉय-उल्म. हे बाडेन-वुर्टेम्बर्ग, ते बायर्न. १८१० मध्ये नदीवर रेघ ओढली आणि एका शहराची दोन राज्यांत वाटणी झाली. दोन्हीकडचे कायदे वेगळे, शाळाखातं वेगळं, १५ ऑगस्टला तिकडे सुट्टी असते आणि इकडे कामावर जावं लागतं. पण इलेक्ट्रॉनिकरच्या, म्हणजे इथल्या इलेक्ट्रिशियनच्या, परीक्षेचा पेपर दोन्ही काठांवर एकच असतो, कारण तो श्टुटगार्टमध्ये साऱ्या देशासाठी तयार होतो. पुलावरून सायकलने कामाला जाताना मला दर वेळी सीमेच्या कर्नाटकाकडचं निपाणी आणि महाराष्ट्राकडचं कागल आठवतं. कुणी म्हणेल, तिथे दोन्ही काठांवर भाषा एकच आहे, तुला बोलायला काय जातंय. बरोबर आहे. आपल्याकडे ती एक नाही, म्हणून तर मागणी भाषेची करायला हवी. फक्त ती वर्कशॉपाच्या आतली करायला हवी.

आयटीआयची पुस्तकं काढणारी सरकारी संस्था चेन्नईला आहे, निमी. ती १९८६ मध्ये उभी राहिली तीच जर्मन सरकारच्या मदतीने. इलेक्ट्रिशियनचं पुस्तक ती मराठीत काढते आणि कन्नडमध्येही. मग सीमाभागातल्या आयटीआयत मराठी माध्यमाच्या पोराच्या हातात पहिल्या दिवशी मराठी पुस्तक द्या, पहिले सहा महिने सुरक्षितता आणि मूळ सिद्धांत मराठीत समजावणारा एक इन्स्ट्रक्टर द्या, ही मागणी आपण कधी केली? दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम आला तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज पडत होते. त्याआधी २०२२ मध्ये कर्नाटकातल्या १५० सरकारी आयटीआय टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर नव्याने उभ्या केल्या, ऑटोमेशन आणि रोबोटची यंत्रं आली. त्यावर एक मेसेज नाही. आपल्या तालुक्यात त्यातलं काय आलं, त्यावर आपली पोरं बसतात का, हे विचारायला कुणी गेलं नाही.

आणि ती यंत्रं फार महत्त्वाची आहेत. कारखान्यातला इलेक्ट्रिशियन आता नुसता वायरमन राहिलेला नाही. गेल्या हिवाळ्यात आमची एक लाइन दिवसातून तीनचारदा बंद पडायची. मोटर तपासली, ड्राइव्ह बदलला, केबलचं इन्सुलेशन मेगरने मोजलं, सगळं ठीक. दोष निघाला तो यंत्रांमधले संदेश नेणाऱ्या जांभळ्या प्रोफिबस केबलमध्ये. एका टोकाचा टर्मिनेशनचा स्विच बंद राहिला होता आणि शील्ड नीट अर्थ झालेलं नव्हतं. शेजारचा मोठा ड्राइव्ह चालू झाला की सिग्नल बिघडायचा आणि पीएलसी, म्हणजे लाइन चालवणारा संगणक, सगळं थांबवायचा. हे शोधायला वीजही कळावी लागते आणि संदेशही. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन हा एक ट्रेड, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक दुसरा, संगणक-दूरसंचाराचा तिसरा. कारखान्यातला बिघड तसा वाटून येत नाही. बेळगावजवळ हत्तरगीला विमानाचे भाग बनतात, मच्छे-उद्यमबागेत संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आहेत, फौंड्रीत इंडक्शन फर्नेस आहेत, साखर कारखाने स्वतःची वीज तयार करून ग्रिडला देतात. या सगळ्यांना असा माणूस हवाय. तो पुण्याहून किंवा बंगळुरूहून येतो आणि आमची पोरं त्याच्यामागे शिडी धरून उभी राहतात.

महाराष्ट्राकडेही मागावं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने वेगळी वाट ठेवलेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच महाराष्ट्राने कुशल कामगार पाठवण्यासाठी बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार केला. सीमाभागातली ८६५ गावं आपली म्हणून विधिमंडळात ठराव होतो, तर त्या गावांतल्या आयटीआय झालेल्या पोराला जर्मन शिकण्याच्या वर्गात बसवा, असं मुंबईला जाऊन ठणकावून सांगायला हवं.

माझे वडील १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनेच्या दिवशी सीमाभागात पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाची फेरी कधी चुकवत नसत. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकासमोर त्यांच्याबरोबर मी उभा राहिलेलो आहे. त्या लढ्याला मी कमी लेखत नाही आणि कुणाला लेखू देणार नाही. पण आणखी एक सांगायला हवं. इथे कँटीनमध्ये माझ्या टेबलावर हुबळीचा एक जण बसतो. जेवणाच्या वेळी म्हणतात ते "मालत्साइट" म्हणून झालं की आम्ही दोघं कन्नडमध्ये बोलतो. जोंधळ्याच्या भाकरीबद्दल, पावसाबद्दल, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या गर्दीबद्दल. दिवसातला तेवढाच अर्धा तास मला घरच्यासारखं वाटतं, आणि हे मी भावकीच्या ग्रुपवर आजवर लिहिलेलं नाही. पुण्यात मला कर्नाटकातला म्हणायचे, बंगळुरूत महाराष्ट्राचा. इथे मी नुसता भारतातला. आता तेही बदलेल, कारण जर्मन नागरिकत्वाचा अर्ज मी भरलाय. तो मंजूर झाला की भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल. माझं गाव कुठल्या राज्यात, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून अडकलेला आहे. तो लागेल तेव्हा मी कागदावर दोन्हींपैकी कुठलाच नसेन. अर्जावर सही केली त्या रात्री मला झोप लागली नाही.

काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी लिहिलं, "तू तिथला होणार, मग इथल्या भांडणात कशाला पडतोस?" मी उलट लिहिलं की महाराष्ट्र एकीकरण समितीचं पुढचं निवेदन कलेक्टरकडे जाईल त्यात एक कलम वाढवा: आयटीआयत मराठी पुस्तकं, मराठी समजावणारा इन्स्ट्रक्टर, आणि इलेक्ट्रिशियनच्या पोरांना पीएलसी आणि नेटवर्कचं प्रात्यक्षिक. मसुदा मी करून देतो, कन्नड प्रतही मीच लिहितो. त्यावर काकांचं उत्तर अजून आलेलं नाही.