मोर्न ब्लाँ डोंगरावर दिसलेल्या ढगांबद्दल: तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. सहा जणांचं कुटुंब घेऊन एवढ्या लांब सेशेल्सला यायचं आणि हिरमुसून परत जायचं, हे कोणालाच आवडणार नाही. सहल मनासारखी झाली नाही याबद्दल मी आणि माझी बायको दोघंही दिलगीर आहोत. स्टार किती द्यायचे हा तुमचा अधिकार आहे. पण "मालकांनी पहाटेपासून घाई केली, उद्धटपणे बोलले आणि डोंगरावर नेऊन नुसतं धुकं दाखवलं" हे वाक्य जिव्हारी लागलं. आमचं चार खोल्यांचं गेस्टहाउस आहे. लोक असे रिव्ह्यू वाचूनच खोली घ्यायची की नाही ते ठरवतात. म्हणून त्या सकाळी काय झालं ते इथेच सांगतो.

आदल्या रात्री जेवताना आपलं सहाला निघायचं ठरलं होतं. ही वेळ मी माझ्या सोयीसाठी सांगत नाही. माहे बेट लांबीला जेमतेम 27 किलोमीटर, रुंदीला त्याहून कितीतरी कमी, आणि एवढ्याशा जागेत डोंगर थेट समुद्रातून वर उठलेला. सगळ्यात उंच मोर्न सेशेल्वा 905 मीटरचा, आपण गेलो तो मोर्न ब्लाँ 667 मीटरचा. जुलैत इथे आग्नेयेचा वारा असतो. तो समुद्रावरची ओल घेऊन येतो आणि डोंगर आडवा आला की वर चढतो. वर गार होतो आणि माथ्यावर ढग धरतात. दिवस चढेल तसे ते बहुतेक वेळा दाटत जातात. लवकर गेलं तर माथा मोकळा मिळण्याची आशा जास्त, एवढंच. खात्री मी कोणालाच देत नाही, आणि त्या रात्रीही दिली नव्हती. तुमच्या यजमानांनी विचारलं तेव्हा "नशीब लागतं" असंच म्हणालो होतो.

सकाळी सहाला गाडी दारात होती. गाईड त्याआधीच येऊन पायरीवर बसला होता. हिने पोह्यांचे डबे भरून, वर फडकं बांधून टेबलावर ठेवले होते. साडेसहाला मी पहिल्यांदा दार वाजवलं, सातला पुन्हा. तुमचे सासरे बूट घालून तयार होते, मुलं मात्र उठलेली नव्हती. मग आंघोळी सुरू झाल्या. साडेसातला मी दाराशी येऊन म्हणालो, "ताई, आता निघालो नाही तर वर काही दिसणार नाही." उद्धट बोलणं म्हणता ते हेच. याच्या मागेपुढे मी एक शब्दही बोललेलो नाही. माझा आवाज मुळातच मोठा आहे, घरातही मी तसाच बोलतो, पण पाहुण्याला लागेल असं बोलायची आमच्या घरात रीत नाही.

आपण निघालो तेव्हा नऊ वाजायला आले होते. सां सूसीच्या घाटातूनच मी तुम्हाला बोट दाखवलं होतं, तेव्हाही माथ्याचा वरचा भाग दिसत होता. गाडी लावून चढायला लागलो तोवर तो झाकायला लागला होता. जुन्या चहाच्या मळ्यातून वाट वर जाते, मग दालचिनीची झाडं लागतात, आणि तिथून चढ असा अंगावर येतो की ओल्या मुळांना धरून पाय टाकावा लागतो. बूट घालून या, हे गाईडने आदल्या दिवशी सांगितलं होतं. तुमचे दीर स्लिपरवर आले. चढताना आणि उतरताना सगळी वाट त्याने त्यांचा हात धरला, तुमची बॅगही त्याच्याच पाठीवर होती. कड्यावर पोचायला अकरा झाले आणि तोवर समोर पांढरं झालं होतं. पोर्ट ग्लो, तेरेझ बेट, खालचा हिरवा समुद्र, काहीच दिसलं नाही. वाईट मलाही वाटलं. ढग मी आणले नव्हते, ताई.

खाली आल्यावर तुम्ही गाईडचे अर्धे पैसे कापायला सांगितलेत. ते मी केलं नाही आणि पुढेही करणार नाही. त्याची मजुरी डोंगर चढण्याची आहे. त्याच पोराने चढताना एक पान उचलून तुमच्या मुलांना नखाएवढा बेडूक दाखवला होता, जेमतेम एक सेंटीमीटरचा, सेशेल्सबाहेर कुठेच न सापडणारा. तुमच्या रिव्ह्यूतला तिसरा फोटो त्याचाच आहे. तो कोणी शोधून दिला, याचा एका शब्दाने उल्लेख असता तर बरं वाटलं असतं. रिव्ह्यू त्यानेही माझ्याकडून समजून घेतला.

समुद्राबद्दलच्या तुमच्या तक्रारीचं थोडक्यात सांगतो. आन्स इंतांदान्सच्या किनाऱ्याला बाहेर प्रवाळाची भिंत नाही, म्हणून मे ते सप्टेंबरच्या वाऱ्यात तिथे लाटा माणसाला ओढून नेतील अशा येतात. तिथे पाण्यात उतरू नका म्हणालो ते मुलं बरोबर होती म्हणून. पूर्वेच्या बाजूला शेवाळ येतं तेही याच दिवसांत, ती घाण नव्हे. वायव्येकडचा बो वालों किनारा तेव्हा शांत असतो, तिथे तुम्हाला दोन संध्याकाळी नेलं आणि मुलं अंधार पडेपर्यंत पाण्यात होती.

"नाश्त्याला रोज तेच" हे वाचून ही गप्प झाली. पोहे, रवा, डाळ, इथे हे सगळं बाहेरून जहाजाने येतं. तरी आपल्या माणसांना आपलं खायला मिळावं म्हणून ती जपून ठेवते आणि पाचला उठून करते. तुम्ही निघताना तिला वहिनी म्हणून मिठी मारलीत, त्यामुळे तिला जास्त लागलं असावं.

गीझर दुरुस्त करून घेतला आहे. कोणत्या महिन्यात कुठला किनारा बरा आणि डोंगरासाठी किती वाजता निघायचं, हे बुकिंगच्या वेळीच लिहून पाठवायचंही मनात आहे, गर्दी ओसरली की त्याचं बघतो.

एक विनंती आहे. धुक्याबद्दल, समुद्राबद्दल, पोह्यांबद्दल जे लिहिलंत ते तसंच राहू द्या, स्टारही दोनच राहू द्या. फक्त "उद्धट" हा शब्द आणि गाडी किती वाजता निघाली ती वेळ, एवढं एकदा तुमच्या सासऱ्यांना विचारून बघा. ते सहा वाजल्यापासून माझ्याबरोबर बाहेर बसले होते.

आपला,
गेस्टहाउसचा मालक, माहे