नवजात बाळाच्या काविळीवर कोवळं ऊन हा उपचार नाही

‘सूर्य हाच खरा डॉक्टर, औषध कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यात पाच दावे आहेत. सकाळचं कोवळं ऊन पंधरा मिनिटं घेतलं की ड जीवनसत्त्वाची गरज भागते. नवजात बाळाची कावीळ उन्हात ठेवल्याने उतरते, दवाखान्यातली ‘पेटी’ म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा. उगवत्या सूर्याकडे रोज टक लावून पाहिलं की चष्मा जातो. सनस्क्रीननेच कॅन्सर होतो, भारतीय त्वचेला त्याची गरज नाही. आणि नियमित ऊन घेणाऱ्याला मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर यांची औषधं लागत नाहीत.

असले मेसेज मी एरवी पुसून टाकते. हा माझ्या मावसबहिणीच्या घरी पोचला, तिची सून बाळंत होऊन घरी आली त्याच सुमारास, आणि तिथे त्यावर अंमल झाला. बाळ पिवळं दिसत होतं, डॉक्टरांनी रक्त तपासायला बोलावलं होतं. घरच्यांनी जाणं पुढे ढकललं, कारण ‘आपण ऊन देतोय ना’. शेवटी बाळ नीट पिईना तेव्हा सुनेनेच हट्ट धरला. तपासणीत बिलिरुबिन (काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य) इतकं वाढलेलं निघालं की बाळाला तिथूनच दाखल करून घेतलं. बाळ आता ठणठणीत आहे. पण त्यामुळे मी दुसऱ्या दाव्यापासूनच सुरुवात करणार आहे, आणि जास्त वेळही त्यावरच घालवणार आहे.

यात अर्धं सत्य आहे, ते आधी कबूल करते. १९५६च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणातल्या उन्हात नेत. उन्हात राहिलेल्या भागावरचा पिवळेपणा कमी होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. तिथल्याच डॉक्टरांनी त्यावर काम केलं, १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापून आला आणि त्यातून आजची फोटोथेरपी, म्हणजे प्रकाशाने करायचा उपचार, जन्मली. म्हणजे मेसेज ज्या ‘पेटी’ला लूट म्हणतो, ती त्याच उन्हातून निघाली आहे. उन्हातला उपयोगी भाग वेगळा काढून, मोजून, अपायकारक भाग वगळून केलेला तो उपचार आहे.

तो उपयोगी भाग कोणता? साधारण ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश. जन्मानंतर बाळाच्या जास्तीच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यातून बिलिरुबिन तयार होतं आणि कोवळं यकृत ते तितक्या वेगाने बाहेर टाकू शकत नाही. निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनचा आकार असा बदलतो की ते पाण्यात विरघळतं आणि यकृताने त्यावर प्रक्रिया करण्याची वाट न पाहता पित्तातून, लघवीतून निघून जातं. हे व्हायला प्रकाश जवळजवळ सगळ्या उघड्या अंगावर आणि तासन् तास पडावा लागतो. आपल्याकडे ऊन देतात म्हणजे काय करतात? टोपडं घातलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ गॅलरीत मांडीवर घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसतात. चेहरा आणि पावलं एवढ्यावरच प्रकाश पडतो. सगळे कपडे काढून तासभर उघडं ठेवलं तर हिवाळ्यात बाळ गार पडतं आणि उन्हाळ्यात तापतं, अंगातलं पाणी कमी होतं, आणि पाणी कमी झालं की कावीळ आणखी वाढते. वर नाजूक कातडीवर अतिनील किरण पडतात ते वेगळेच. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते याचसाठी.

‘पण आफ्रिकेत उन्हानेच बरी करतात’ असं उत्तर मला घरच्याच ग्रुपवर मिळालं. तो अभ्यास कोणता हे सांगणाऱ्याला माहीत नव्हतं, म्हणून मीच सांगते. नायजेरियातल्या लागोसमध्ये झालेला हा अभ्यास २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे विजेचा भरवसा नाही, यंत्रं कमी, म्हणून रुग्णालयाच्या आवारात मांडव उभारले. मांडवावर खास फिल्म ताणली, जी बहुतेक अतिनील किरण आणि उष्णता अडवते आणि निळा प्रकाश आत सोडते. बाळं कमी ते मध्यम काविळीची निवडली होती. परिणाम मोजला तो दिवसाला किमान पाच तास प्रकाश मिळालेल्या बाळांचा. अंगाचं तापमान पुन्हा पुन्हा पाहिलं जात होतं, रक्तातलं बिलिरुबिन मोजलं जात होतं. एवढं करूनही काही बाळांचं अंग तापलं. अशा प्रकारे गाळलेलं ऊन नेहमीच्या फोटोथेरपीइतकंच उपयोगी ठरलं, हा निष्कर्ष खरा आहे आणि मोलाचा आहे. फिल्म नाही, तपासणी नाही, नर्स नाही अशा आपल्या गॅलरीला तो कुठल्या तोंडाने लावायचा?

खरा धोका उन्हापेक्षाही उशिराचा आहे. हल्ली बाळ-बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येतात आणि कावीळ सर्वांत जास्त वाढते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे घरी आल्यावर. बहुतेक बाळांची ती आपोआप जाते, आणि म्हणूनच ‘आमच्या बाळाची उन्हानेच गेली’ असं सांगणारी माणसं घरोघर भेटतात. ज्या थोड्या बाळांत ती वाढत राहते त्यांच्यात बिलिरुबिन मेंदूत शिरतं. त्यातून बहिरेपणा येतो, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) होते, कधी जीव जातो. झालेली इजा परत भरून येत नाही. आणि प्रकाश पडलेल्या जागी कातडी फिकी दिसू लागते, रक्तातलं बिलिरुबिन मात्र तितकंच चढलेलं असू शकतं. ‘बघा, उतरली!’ असं आजी म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिचे डोळे फसलेले असतात. आपल्या सावळ्या बाळांत तर पिवळेपणा नुसत्या नजरेने जोखणं आणखी अवघड.

आजीबाईंना दोष द्यायचा नाही. मालीश खुशाल करा, त्यावर माझा काही राग नाही. फक्त एवढं पक्कं धरा. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ, बाळ सुस्त असणं, अंगावर न पिणं, विचित्र बारीक आवाजात रडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली किंवा शी पांढुरकी आणि लघवी गडद झाली, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका घेतात. त्यावरची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तरच चांगली साधते. तिथे उन्हात घालवलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या यकृतातून वजा होतो. आणखी एक, कारण हे कोणी सांगत नाही: ट्रंकेतली जुनी झबली-दुपटी डांबरगोळ्यांच्या वासासकट बाळाला घालू नका. तांबड्या पेशींना जपणारं जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या बाळांत त्या वासानेही तांबड्या पेशी झपाट्याने फुटतात आणि कावीळ भडकते.

आता बाकीचे दावे.

ड जीवनसत्त्व उन्हाने मिळतं हे खरंच. पण ते कोवळ्या उन्हाने नाही. त्याला लागणारे यूव्ही-बी हे अतिनील किरण सूर्य खाली असताना वातावरणातच बरेचसे शोषले जातात. डॉ. हरिनारायण आणि सहकाऱ्यांनी तिरुपतीत त्वचेतल्या ज्या द्रव्यापासून ड जीवनसत्त्व बनतं तेच उन्हात ठेवून मोजलं, तेव्हा सकाळी ११ ते दुपारी २ ही वेळ सर्वांत उपयोगी निघाली. साधी खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड हवी. खिडकीच्या काचेआडून तर हे किरण येतच नाहीत. हिवाळ्यात हात-पाय उघडे ठेवून दुपारी थोडा वेळ उन्हात जाणं चांगलंच. पण हाच सल्ला एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरला, अकोल्याला कोणी पाळायचा नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात भर दुपारच्या उन्हात बसलेल्या माणसांचे जीव गेले, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. रक्तात ड जीवनसत्त्व खरोखर कमी असेल तर डॉक्टर साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा देतात. ती रोज घेणारेही मी पाहिलेत. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडं बिघडतात.

कोवळ्या उन्हाचे दुसरे फायदे मात्र आहेत. सकाळी बाहेरचा उजेड डोळ्यांत गेला की झोपेचं घड्याळ नीट लागतं. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, तर तीन वर्षांत लांबचं अंधुक दिसू लागण्याचं (मायोपियाचं) प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिलं. पण हा मोकळ्यावरच्या उजेडाचा परिणाम आहे. ती मुलं सूर्याकडे पाहत बसली नव्हती. सूर्याकडे टक लावल्याने दृष्टिपटलाचा मधला भाग भाजतो, तिथे वेदना कळत नसल्याने त्या वेळी काहीच जाणवत नाही, आणि काही तासांनी नजरेच्या मधोमध काळा डाग दिसू लागतो. त्यावर खात्रीचा उपचार नाही. लागलेला चष्मा तर याने जातच नाही.

सनस्क्रीनने कॅन्सर होतो याला पुरावा नाही. भारतीय त्वचेत मेलॅनिन जास्त, म्हणून त्वचेचा कॅन्सर आपल्यात गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी, एवढं खरं. म्हणून ऊन निरुपद्रवी ठरत नाही. वांग असलेल्या बाईला विचारा. ल्युपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराच्या) रुग्णांनी, कोड असलेल्यांनी आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या चालू असणाऱ्यांनी उन्हापासून जपायलाच हवं.

राहिला शेवटचा दावा. ड जीवनसत्त्व कॅन्सर आणि हृदयविकार रोखतं का, हे अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ लोकांवर तपासलं गेलं. दोन्हींचं प्रमाण त्याने कमी झालं नाही. इन्सुलिनवर जगणाऱ्या टाइप वन मधुमेहीने ते बंद केलं, तर एक-दोन दिवसांतही रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. हा मेसेज वाचून कोणी इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी थांबवली असेल, तर आजच्या आज डॉक्टरांना फोन करा.