“मावशी, आजींना जरा फिरवून आणा” म्हणण्याआधी

आजींची काळजी घ्यायला घरी ब्युरोच्या, म्हणजे अशी माणसं पुरवणाऱ्या संस्थेच्या, मावशी असतात, औषधं, अंघोळ, जेवण सगळं वेळेवर होतं, आणि तरी आजी महिनोन्महिने बाल्कनीच्या पलीकडे जात नाहीत. पुण्यात घरोघरी हेच चाललंय. व्हीलचेअरवरून बाहेर नेणं हे मावशींच्या रोजच्या कामातच धरायला हवं. मात्र त्याची तयारी घरच्यांनी करायची, मावशींवर ढकलायची नाही.

आधी आपण एकटे जाऊन जायचा रस्ता तपासून या, मोजायची टेप घेऊन. फोल्डिंग व्हीलचेअर साधारण 24 ते 26 इंच रुंद असते. बऱ्याच बागांच्या दारात गाड्या शिरू नयेत म्हणून नागमोडी लोखंडी अडसर असतो, खुर्ची तिथेच अडकते. बाजूचं मोठं फाटक वॉचमन कधी उघडून देतो ते विचारून ठेवा. बरीच उद्यानं दुपारी बंद असतात, तीही वेळ बघा. रॅम्पला 1 इंच उंचीमागे 12 इंच लांबी लागते. सहा इंचांच्या पायरीवर दोन फुटी फळी टाकून ‘रॅम्प आहे’ म्हणणारे भेटतात. तसल्या फळीवर माणूस बसलेली खुर्ची चढवूच नका.

फूटपाथवर चढताना खुर्ची सरळ ढकलली की पुढची छोटी चाकं कडेला आपटतात आणि आजी पुढे फेकल्या जातात. खुर्चीमागे चाकांजवळ एक नळी बाहेर आलेली असते. तिच्यावर पाय देऊन मुठी खाली दाबायच्या, पुढची चाकं वर टेकवायची, मगच मागची चाकं कडेला भिडवून चढवायची. उतरताना नेहमी पाठमोरं, मोठी चाकं आधी. हे मावशींकडून सोसायटीच्या आवारात रिकाम्या खुर्चीवर दहा वेळा करून घ्या.

पहिल्या फेरीला मी मेट्रोच सुचवेन. वनाज ते रामवाडी मार्गावर लिफ्ट आहे, फलाट डब्याच्या पातळीत आहे, डब्यात खुर्चीला जागा आहे, आणि डेक्कनपासून नदीकाठाने जाताना खिडकीतून मुठा दिसते. डब्यात खुर्ची उलटी ओढून न्या, नाहीतर छोटी चाकं फटीत अडकतात. आत गेल्यावर दोन्ही ब्रेक लावा. खरी अडचण स्टेशनबाहेर असते: रिक्षा थांबते तिथून लिफ्टपर्यंतचा उखडलेला पेव्हर ब्लॉक.

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मुख्य वाटेनंच फिरा, छोट्या पुलांचा मोह नको. एम्प्रेस गार्डनची झाडी सुंदर आहे, पण पावसानंतर मातीत छोटी चाकं रुततात. पर्वतीच्या 103 पायऱ्या आहेत, खुर्चीसकट उचलून न्यायचा हट्ट धरू नका.

घरातून निघून परत येईपर्यंत दीड तास पुरे. अंथरुणातून उठवून थेट उभं केलं की बीपी उतरतं आणि चक्कर येते, म्हणून आधी पाच मिनिटं काठावर पाय सोडून बसवा. लघवी वाढवणारी गोळी सकाळी असेल तर बाहेर जाणं संध्याकाळवर टाका. इन्शुलिन असेल तर खाण्याची वेळ चुकवायची नाही, खायची साखर सोबत ठेवा. लघवी होईल या धास्तीनं पाणी मात्र तोडू नका. डायपर, बदलायचे कपडे, चादर एवढं घेतलं की झालं. बसून-बसून कातडी दुखावते, तेव्हा दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही बाजूंना थोडं झुकवा.

मावशींच्या हातात रिक्षाचे आणि चहाचे पैसे वेगळे द्या. “आजी दमल्यात, परत फिरतो” हे ठरवायचा हक्कही त्यांचाच. फोन करून विचारत बसायची वेळ त्यांच्यावर आणू नका.

आणि कुठं जायचं ते आजींना विचारा. बागच कशाला? जन्मभर मंडईत भाजी निवडलेल्या बाईला सकाळी गर्दीच्या आधी एका गाळ्यासमोर नेलं, तर दहा मिनिटांत चेहरा बदलतो. गवार त्यांनाच मोडून बघू द्या, भाव त्यांनाच करू द्या. भाजीची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवा, खुर्चीच्या मुठीला अडकवू नका. त्या उठल्या की पिशवीच्या वजनानं रिकामी खुर्ची मागे उलटते.