सपाटीकरण

आमच्या गावात यंत्रं दोनच प्रकारची. एक ट्रॅक्टर, दुसरा जेसीबी. जे ट्रॅक्टर नाही ते जेसीबी. त्यामुळे एका मंगळवारी ट्रेलरवरून माझा ग्रेडर येऊन घरामागच्या खळ्यात उतरला, तेव्हा पारावरून उठून आलेल्या पहिल्या माणसाने विचारलं, "तात्या, ह्यो जेसीबी एवढा लांबडा का?"

"जेसीबी नव्हे. ग्रेडर."

"बरं. खणतो किती?"

"खणत नाही."

"मग भरतो?"

"भरत पण नाही. जमीन सपाट करतो."

त्याने तंबाखू मळता मळता आमच्या खळ्याकडे बघितलं. "सपाटच हाय की," म्हणाला आणि पारावर परत गेला. जेसीबी आला की अख्खा गाव दिवसभर खड्ड्याच्या काठावर उभा असतो. माझ्या ग्रेडरपाशी दहा मिनिटांत एक शेळी तेवढी उरली.

साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी तेहतीस वर्षं काढली. बेअरिंग, बुश, ऑइल सील, साखळ्या, हजारो भाग माझ्या हातून गेले. प्रत्येकाचा नंबर पाठ, कप्पा पाठ. पण यातला एकही भाग मी कधी कशात बसवला नव्हता. आयुष्यभर पंगतीत वाढून हात धुतलेल्या माणसाला शेवटी जेवावंसं वाटणारच. निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीचे लोक देवळाचा जीर्णोद्धार किंवा सोसायटीची निवडणूक हाती घेतात. मी ग्रेडर हाती घेतला.

एका ठेकेदाराच्या आवारात तो दिसला होता. चाकं अर्धी मातीत, आणि सांगाड्यातून एक बाभळ वर आलेली, खोड माझ्या मांडीएवढं. किती वर्षं उभा आहे हे विचारायची गरजच नव्हती. भाव भंगाराचा, किलोवर. वजनकाट्यावर तो भरला ९,८४० किलो. त्यात चिखल किती, मधमाश्यांचं पोळं किती, याची वजावट मागायचं मला सुचलं नाही. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या पावत्यांवर हीच वजावट मी लाल शाईने काढत आलो होतो. घरी पावती बघून बायको म्हणाली, "माझ्या सोन्याला कधी काटा लावला नाहीत, आणि हे टनावर आणलंत!"

नाव-गावाची पाटी कुणीतरी पितळेसाठी केव्हाच काढून नेलेली. म्हणजे गोत्र माहीत नसलेलं स्थळ. मग मी घराण्याचाच अभ्यास सुरू केला. चाकं तिरकी होणारा ग्रेडर १८८५ साली अमेरिकेत जे. डी. ॲडम्स नावाच्या माणसाने काढला. तो जनावरांनी ओढायचा. १९३१ साली कॅटरपिलरने इंजिन, सांगाडा आणि पातं एकाच अंगात बसवून स्वतःच्या पायांनी चालणारा ग्रेडर आणला, आणि त्याच वर्षी आपल्या यंत्रांचा करडा रंग सोडून पिवळा घेतला. हे सगळं मी जेवताना सांगत असे. आमच्याकडे त्या काळात जेवणं फार लवकर आटपायची.

चाकं तिरकी होतात यावर मात्र गावात कुणाचा विश्वास बसेना. जो तो येऊन सांगे, "तात्या, म्होरची चाकं वाकलीत, फसवलं तुमास्नी." मी समजावायचो. पातं तिरकं लावलं की मातीचा रेटा यंत्राचं तोंड एका बाजूला ढकलतो, म्हणून चाकं उलट्या बाजूला कलतात, जशी चढाला बैलं अंग टाकतात तशी. बैलाचं नाव काढल्यावर पटायचं. मग विचारायचे, "पण बैल दिसायला तरी बरा असतो की ओ?"

खरी लढाई नटांशी झाली. सगळे आटे इंची मापाचे. नऊ-सोळांश इंचाच्या नटाला १४ चा पाना जात नाही आणि १५ चा गरागरा फिरतो. तालुक्याला, कराडला, सगळीकडे विचारलं, इंची पाने मिळेनात. आणि मग एका रात्री अंथरुणात मी ताडकन उठून बसलो. कारखान्यात इंची पान्यांचा अख्खा संच होता, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलेला. तो भंगारात मीच काढला होता. 'वापर नाही' हा शेराही माझ्याच वळणदार अक्षरात.

शेवटी मिस्त्री आला. जुन्या डिझेल इंजिनांचा जाणकार, वय सत्तरीच्या पुढे, बोलणं दिवसाला चार वाक्यं. त्याने ग्रेडरभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलला, "मेणबत्ती आणा." नट गॅसवर लाल करायचा आणि त्याला मेण टेकवायचं, ते वितळून आट्यांत उतरतं, मग पाना हलतो. देवघराच्या फळीवरच्या, लाईट गेल्यावर लागणाऱ्या सगळ्या मेणबत्त्या आठवडाभरात संपल्या. संध्याकाळी अंधारात पेटती मेणबत्ती घेऊन यंत्राखाली सरपटत जाणारा मी बघून आमच्या आईने शेजारणीजवळ चौकशी केली की, याने धर्म बदलला का.

झिजलेले बुश कोल्हापूरच्या उद्यमनगरातून गनमेटलचे करून आणले. तिथे जुना तुकडा टेबलावर ठेवला की कुणी 'कशाचा आहे' असं विचारत नाही, 'किती नग' एवढंच विचारतात. माझ्या आयुष्यातली सर्वांत समाधानाची बाजारहाट ती. पाच फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीनंतर बायकोने अंबाबाईचा प्रसाद आणायला सांगणं सोडून दिलं.

आता इंजिन. या जुन्या मोठ्या डिझेल इंजिनाला सेल्फ नाही. त्याला उठवायला शेजारी एक दोन सिलिंडरचं पेट्रोलचं पिल्लू असतं. आधी दोरी ओढून पिल्लू चालू करायचं. ते तापलं की त्याच्या धुराची ऊब मोठ्याच्या हवेच्या नळीला मिळते. मग दांडा ओढून पिल्लाला मोठ्याशी जोडायचं, मोठ्याचं कॉम्प्रेशन सोडून त्याला नुसतं फिरवायचं, ऑइलचा काटा वर आला की कॉम्प्रेशन द्यायचं आणि डिझेल सोडायचं. थोडक्यात, मोठ्या मुलाला उठवायला धाकट्याला पाठवायचं, आणि धाकट्याला उठवायला बापाने घाम गाळायचा. आमच्या घरात ही पद्धत आधीपासून होती, त्यामुळे मला समजायला सोपी गेली.

पहिला प्रयत्न पितृपक्षात केला. बायको नको म्हणत होती. मिस्त्रीला तेवढाच दिवस मोकळा होता. त्याच दिवशी आळीत तीन घरांत पित्तरं, तिन्ही छपरांवर पानं ठेवलेली, आणि खाली माणसं तोंड वर करून 'काव काव' करत कावळ्यांच्या विनवण्या करत होती. कावळे नुकतेच पत्र्याच्या कडेला येऊन बसलेले. इकडे पिल्लू धडधडलं, मिस्त्रीने दांडा ओढला, मोठ्याने दोनदा ढेकर दिल्यासारखं केलं आणि तोफेसारखा एक बार काढला. बाराच्या सुमारास जे कावळे उडाले ते नदी ओलांडून गेले. दुपारचे तीन वाजले तरी तिन्ही पानांना कावळा शिवेना. शेजारच्या म्हातारीची कसली इच्छा राहिली असेल यावर सून, लेक आणि भटजी विचार करत बसले. कुणीतरी माझ्या खळ्याकडे बोट दाखवून म्हणालं, "यंत्र बंद करा, एवढीच आसंल." म्हातारीनंतर काळा धूर दसऱ्याच्या धुण्याकडे वळला. चार घरांच्या धुतलेल्या वाकळी दोरीवर होत्या. त्या चारही वाकळी पुन्हा नदीवर गेल्या, आणि साबण आमच्याकडून.

पण चालू झाला होता! मिस्त्रीने त्या दिवशी पाचवं वाक्य खर्च केलं. "आवाज चांगला हाय," म्हणाला.

खंडेनवमीपर्यंत रंग झाला. मी पिवळा सांगितला होता. पेंटरने दिला तो हळदीचा पिवळा. दोन दिवस तो खळ्यात नवरदेवासारखा उभा होता. पूजेला नारळ फोडला, लिंबं ठेवली. पालीच्या खंडोबाचा भंडारा आईने वरून टाकला, तो त्याच्या अंगावर दिसलाच नाही.

चालवायला मी स्वतःच बसलो. माझ्या ग्रेडरला पातं हलवायला तेल-दाबाचे नळे नव्हते. समोर लोखंडी दांड्यांची रांग, आणि दात-चाकांतून इंजिनाची सगळी ताकद थेट त्या दांड्यात. पातं कुठे दगडाला लागलं की दांडा उलटा उसळतो. पहिल्या दिवशी मनगटावर, दुसऱ्या दिवशी कोपरावर. तिसऱ्या दिवशी मी हळद दुधातून घेत होतो आणि बायको एक शब्दही बोलत नव्हती. तिचं हे न बोलणंच मला जास्त लागत होतं.

सपाट करायला जागा हवी होती. ती तयारच होती, आमची पाणंद. पावसाळ्यात तिचा ओढा होतो, आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या दुहेरी ट्रॉल्या तिच्यात गुडघाभर चाकोऱ्या पाडतात. माती ओलसर असतानाच ग्रेडर फिरवला, मधे उंचवटा ठेवून दोन्ही अंगांना उतार दिला, तर पाणी थांबणार नाही. पातं बारा फुटांचं. पाणंद नकाशावर साडेसोळा फूट, आणि डोळ्यांना आठ. पंचेचाळीस अंशांत वळवलं की बारा फुटांचं पातं साडेआठ फुटांत मावतं. अर्ध्या फुटासाठी कोण भांडतंय, असं मनाशी म्हणून मी निघालो.

पहिलीच फेरी. काय माती वळत होती! पात्याच्या एका टोकाने खरवडून दुसऱ्या टोकाला सरी लागत होती, दोरी लावल्यासारखी सरळ. तेहतीस वर्षांत एवढं सुख मला मिळालं नव्हतं. शंभर फुटांवर दांडा उसळला आणि पात्याखाली खण्णकन वाजलं. उतरून बघितलं. घडीव दगड. हद्दीचा. चुलतभावाच्या बांधाच्या पोटातून निघालेला, म्हणजे पाणंदीत त्याने चांगली चार फूट शेती केली होती.

बातमी ऊस वाळायच्या आत गावभर झाली. पहिल्यांदाच माझ्या यंत्राभोवती गर्दी जमली. चुलतभाऊ टेप घेऊन आला, त्याच्यामागे भावकी, आणि भावकीमागे मोजणीची भाषा. मी मोठ्या मनाने म्हणालो, झालं गेलं गंगेला मिळालं, दगड आहे तिथे राहू दे, आपण पुढे जाऊ. दांडा ओढला, पातं खाली टेकवलं आणि पुढे निघालो. वीस पावलांवर, उजव्या हाताला, पुन्हा खण्णकन वाजलं.

ही बाजू आमची. बांध वडिलांनी घातलेला.

मी शांतपणे मागचा गिअर टाकला, पातं उलटं वळवलं आणि काढलेली माती हळूच परत दगडाकडे ढकलायला लागलो. गर्दीतून पारावरचा तो माणूस पुढे आला. त्याने दगडाकडे बघितलं, पात्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तात्या," तंबाखूची चिमूट ओठाखाली सारत तो म्हणाला, "खणत न्हाय म्हनला होता."