मी आते पत्रकार शे

परवा मला दहापैकी साडेतीन मार्क पडले. वय वर्षं त्रेचाळीस, दोन पोरांचा बाप, आणि साडेतीन. तेही कशात, तर खोट्या पत्रकार परिषदेत.

झालं असं की पुढच्या आठवड्यात आमच्या पालिकेची पाणीटंचाईवर पत्रकार परिषद आहे (गावाचं नाव सांगत नाही, नोकरी आहे) आणि वरच्यांच्या डोक्यात आलं की आधी सराव करावा, मॉक मीडिया सेशन का काय म्हणतात ते. त्यासाठी पुण्याहून एक ट्रेनर आणले. खरी परिषद घेणार साहेब, पण सरावाला मी, कारण अवघड प्रश्न आला की माइक पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरकडे सरकणार हे ठरलेलंच असतं. फोटोत ते, प्रश्नात मी.

मे महिना, खान्देश, चव्वेचाळीसच्या पुढचं ऊन आणि ट्रेनर टाय लावून आलेले. आल्याआल्या त्यांनी गार पाणी मागितलं. दिवसभरात वीस लिटरचे सहा जार संपले. पाणीटंचाईच्या ट्रेनिंगला सहा जार, ते बिल कुठल्या हेडखाली टाकलं ते मला विचारू नका.

सकाळभर त्यांनी शिकवलं. नो कमेंट म्हणायचं नाही. ऑफ द रेकॉर्ड असं काही नसतं. तीन मुद्दे पाठ करायचे आणि प्रश्न कुठलाही येवो, 'चांगला प्रश्न विचारलात, पण महत्त्वाचं म्हणजे' असं म्हणून आपल्या तीन मुद्द्यांवर यायचं, याला ब्रिजिंग म्हणतात. (आमच्या खात्यात ब्रिज म्हणजे वेगळं टेंडर असतं, पण जाऊ द्या.) आणि प्रश्नातला वाईट शब्द आपल्या तोंडून काढायचा नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन 'मी लबाड नाही' असं म्हणाले आणि लोकांच्या लक्षात फक्त लबाड राहिलं. नऊ महिन्यांत राजीनामा. मला जरा बरं वाटलं, कारण आमच्याकडे एका वाक्यापायी कोणाची खुर्ची गेलेली मी तरी पाहिली नाही.

दुपारी प्रॅक्टिकल. पत्रकार कोण, तर आमचाच स्टाफ. घरपट्टीच्या ताईंनी विचारलं, साहेब आपण इतकं चांगलं काम कसं करता. आस्थापनेच्या क्लार्कने विचारलं, आपल्या यशाचं रहस्य काय. पुढच्या महिन्यात वेतनवाढ आहे ना. ट्रेनर कपाळाला हात लावून बसले आणि तेवढ्यात दारात आप्पा उगवले.

आप्पा आमचे व्हॉल्व्हमन. तीस वर्षं झाली, कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की किती पाणी येतं हे फक्त त्यांच्या डोक्यात आहे, नकाशा नाही, नोंद नाही, उद्या आप्पा रिटायर झाले तर अर्धं गाव कोरडं. ते आले होते ओव्हरटाइमच्या व्हाउचरवर माझी सही घ्यायला, खांद्यावर ती टी-आकाराची लोखंडी चावी. ट्रेनर म्हणाले, काका, बसा, तुम्ही पत्रकार. आप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा व्हाउचरकडे, मग व्हाउचर घडी करून टोपीत ठेवलं, पुढच्या रांगेत येऊन बसले आणि ती चावी उचलून तिचं टोक सरळ माझ्या तोंडासमोर धरलं. माइक! चार फुटी, गंजलेला, टोकाला चिखल.

"रावसाहेब, आठ दिन व्हई ग्यात, नळले पानी नही. तुम्ही काय करी राहिनात?"

ट्रेनरना अहिराणीचं ओ की ठो कळेना. मला म्हणाले, काय म्हणतायत ते? आता बघा, मी आरोपी आणि मीच दुभाषा. म्हटलं, सर, ते म्हणतात आठ दिवस झाले नळाला पाणी नाही, आणि मी काय करतोय. ट्रेनर म्हणाले, मग सांगा ना काय करताय.

मी पाठ केलेलं काढलं. चांगला प्रश्न विचारलात, पण महत्त्वाचं म्हणजे शहरासाठी माणशी रोज १३५ लिटरचा निकष आहे आणि आम्ही त्या दिशेने...

"एकशेपस्तीस? रोजना का आठ दिनना?"

घरपट्टीच्या ताई फस्सकन हसल्या. मी म्हटलं टंचाई वगैरे काही नाही (गेला निक्सन!), गिरणा धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की सुरळीत होईल. आप्पा म्हणे, मंग पानी कव्हय येई ते सांगा, वार सांगा. आता वार कसा सांगणार? धरण तिकडे नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात, पाणी सुटतं नदीतनं, वाटेत वाळू पिते, ऊन पितं, काठावरच्या मोटारी पितात, उरलं तर आमच्या विहिरीत. आणि हे सगळं आप्पांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. माझा तोल गेला. म्हटलं, आप्पा, व्हॉल्व्ह तुम्हीच सोडता ना? तुम्हालाच ठाऊक कधी येणार!

आप्पांनी चावी जराही हलवली नाही. अगदी शांतपणे म्हणाले,

"रावसाहेब, मी आते पत्रकार शे."

टाळ्या. ट्रेनरना याचं मात्र भाषांतर लागलं नाही.

मला साडेतीन. शेरा असा, 'पत्रकारावर वैयक्तिक हल्ला'. आप्पांना सर्वोत्तम पत्रकार म्हणून कापडी बॅग आणि पेन. क्लार्कने व्हिडिओ काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकला, तिथनं तो माझ्या मेव्हण्याकडे कसा पोचला कोण जाणे, ऑफ द रेकॉर्ड काही नसतं हे खरंच आहे.

हसलो मीही, पण घरी येऊन डोकं फिरलं. त्या ट्रेनरच्या मानधनात दोन व्हॉल्व्ह नवीन बसले असते. लीकेजची फाइल मी दोनदा वर पाठवली, ती दोनदा 'चर्चा करा' लिहून खाली आली, चर्चा कोणाशी ते लिहिलेलं नाही. धुळ्याकडे पांझरेवर फडाची (फड म्हणजे शेतांचा गट) पद्धत होती, बंधारा, पाट आणि वाटून घेतलेलं पाणी, कुठल्या फडाला कधी द्यायचं ते गाव ठरवायचं आणि पाटकऱ्याला ते पाळावं लागायचं, पिढ्यान्पिढ्या चाललं. त्यांना कोणी ब्रिजिंग शिकवलं नव्हतं. आमच्याकडे पाण्याचं वेळापत्रक नाही आणि उत्तरांची रंगीत तालीम आहे. बरं, मी काही पालिकेच्या टाकीत राहत नाही, माझ्याही नळाला आठ दिवसांनीच पाणी येतं, पण हे बोलायचं नाही म्हणे, तो निगेटिव्ह मेसेज जातो.

आज सकाळी आप्पा आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिसले. खांद्याला ती बक्षिसाची बॅग, बॅगेतून चावीचं टोक बाहेर. चार बायका हंडे घेऊन उभ्या, त्यांच्यात मीही, हातात बादली. म्हटलं, आप्पा, आमच्याकडे आज सोडताय ना?

आप्पांनी घसा साफ केला, टोपी नीट केली, आणि उभ्या जन्मात कधी बोलले नाहीत अशा शुद्ध पुणेरी मराठीत म्हणाले,

"चांगला प्रश्न विचारलात. पण महत्त्वाचं म्हणजे, माझ्या व्हाउचरवर अजून सही झालेली नाही."