अहो, ती बॅटरी बंद करा!

वळवाचे दोन-चार शिडकावे झाले, मे संपत आला की भंडारदऱ्याकडे काजवे सुरू होतात. आणि काजव्यांपाठोपाठ माणसं. मृगाचा पाऊस नीट लागेपर्यंत दोघांचाही मुक्काम. काजव्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

काजव्यांचा फोटो कसा निघतो ते आधी सांगतो, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल. दिवस मावळताना, आभाळात थोडी निळाई असतानाच, झाड हेरून ट्रायपॉड रोवायचा. झाडाची एक फ्रेम त्याच उजेडात घेऊन ठेवायची. मग ट्रायपॉडला धक्का न लावता मिट्ट काळोखाची वाट बघायची. लेन्स पूर्ण उघडी, फोकस हाताने लावलेला, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) चढवलेला, आणि वीस-तीस सेकंदांची एकेक फ्रेम, अशा लागोपाठ पुष्कळ. घरी येऊन त्या एकावर एक रचल्या की झाड लखलखतं. या सगळ्यासाठी मला काय लागतं? तासभर अंधार. फुकटचा अंधार! अमावास्येच्या आसपास, सह्याद्रीच्या कुशीत, अभयारण्याच्या हद्दीत, तोसुद्धा मिळू नये?

शनिवारी संध्याकाळी घोटीकडून मुंबई येते, राजूरकडून पुणं येतं, आम्ही नाशिकचे तर शेजारीच. धरणाला वळसा घालणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी सगळीकडे गाड्यांची वरात. झाडाखाली गाडी लावायची, इंजिन चालू, एसी चालू, हेडलाइट चालू, आणि काच खाली करून विचारायचं, "इथं काजवे कुठे दिसतात हो?" अहो, तुमच्या हाय बीमच्या पलीकडे! दिवे बंद करा, खाली उतरा, वीस मिनिटं गप्प उभे राहा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. पण वीस मिनिटं मोबाइलच्या पडद्याकडे न बघता राहायचं म्हणजे यांच्या जिवावर येतं.

मागच्या हंगामात एका गृहस्थांनी नेमकी माझ्या झाडासमोर गाडी थांबवली आणि पार्किंगचे इंडिकेटर लावून दिले. हिरड्याच्या झाडावर हजारो काजवे एका लयीत उजळत होते, विझत होते, आणि खाली हे महाशय टिक-टिक-टिक. भगभगीत पिवळे. मी म्हटलं, "दादा, जरा दिवे बंद करता का? फोटो चाललाय." तर म्हणे, "रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे का?"

दुसरी जमात फ्लॅशवाल्यांची. काजवा म्हणजे मुळात उजेडाचा कण. त्याच्यावर फ्लॅश मारून काय दिसणार? मोबाइलचा फ्लॅश चार पावलांपलीकडे पोचत नाही. फोटोत येतं समोरचं गवत आणि मित्राची पाठ. तरी चमक, चमक, चमक. प्रत्येक चमकेला माझी एक फ्रेम कचऱ्यात.

पण माझ्या फ्रेम गेल्या खड्ड्यात. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ही रोषणाई तुमच्या-माझ्यासाठी नसते. नर चमकून खूण करतो, मादी उत्तर देते, आणि त्या खुणेवर जोडी जमते. अळी असताना हा जीव महिनोन्‌महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगाई खात काढतो. पंख फुटल्यावर हातात राहतात जेमतेम काही आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. त्या आठवड्यांतल्या शनिवार-रविवारी आपण त्यांच्यावर गाड्यांचे झोत मारतो. खुणा दिसल्याच नाहीत तर जोड्या जमणार कशा? वर पोरांच्या हातात प्लास्टिकची बाटली आणि आई कौतुकाने सांगतेय, "पकड, पकड, घरी नेऊ." ताई, घरी पोचेपर्यंत त्या बाटलीत मेलेले किडे असतील.

आणि तंबूवाल्यांचे स्पीकर! कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य असं पाटीवर लिहिलेलं असतं, आणि पाटीपासून हाकेच्या अंतरावर रात्री बारापर्यंत ढिंच्याक. एवढं गाण्यांवर नाचायचं होतं तर घरची गच्ची काय वाईट होती?

गावकऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. वर्षातले हे दोन-तीन आठवडे पिठलं-भाकरी, राहायची सोय, वाट दाखवणं यातून त्यांना दोन पैसे मिळतात, मिळायलाच हवेत. उलट गावातली पोरंच रस्त्यावर उभी राहून "लाइट बंद करा साहेब" म्हणून घसा कोरडा करतात, आणि साहेब त्यांच्याच तोंडावर बॅटरी मारतात.

बॅटरी लागतेच, कबूल. पायाखाली दगड, विंचू, साप, काहीही असू शकतं. मग काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधा आणि झोत पायाशी ठेवा. पाच रुपयांचं काम आहे. लाल उजेडाने डोळेही दिपत नाहीत. आणि गाड्या गावाबाहेर एका जागी थांबवून पुढे चालत सोडायला कोणाची ना आहे? दरवर्षी सूचना निघतात, फलक लागतात, नाक्यावर पावती फाडतात. पावती फाडली की गाडी दिव्यांसकट सरळ आत!

आणि हो, ते इंडिकेटरवाले. मी ट्रायपॉड आवरत होतो तेव्हा आले, म्हणाले, "आमच्या मोबाइलमध्ये काहीच आलं नाही हो. तुमचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा ना." मी स्क्रीनवर शेवटची फ्रेम दाखवली. गाडीचा नंबरसुद्धा वाचता येत होता. काजवा एकही नाही. तर म्हणे, "हा नको, दुसरा पाठवा."