घासाघीस न करणारं गिऱ्हाईक कसं मिळवावं

घरातलं जुनं सामान ऑनलाइन विकायचंय? मग माझ्याकडं या. मी गेल्या महिन्यात एक लोखंडी कपाट विकायला काढलं आणि कपाट जागेवरनं तसूभर न हलवता वीस मिनिटांत नऊ हजार रुपये घालवून दाखवले. नऊ हजारातले पाच रुपये त्या भामट्यानंच आधी पाठवलेले, ते वजा करा. एवढा अनुभव गाठीशी असताना गप्प बसणं बरं नव्हे, म्हणून चार युक्तीच्या गोष्टी सांगतो.

जाहिरातीत मोबाइल नंबर ठळक टाकायचा. साइट सांगते चॅटवरच बोला, नंबर लपवा, पण त्यांना काय कळतंय, आपण सांगलीची माणसं, आपल्याला मोकळं बोलायची सवय. नंबराखाली पत्ता पण द्या, विश्रामबागच्या कुठल्या चौकातून आत वळायचं ते लिहा, आणि दुपारी घरात फक्त आई असते हेही कळवून टाका, येणाऱ्याची सोय बघायला नको?

फोटोत मागं टेबलावर आधारची झेरॉक्स दिसली तरी राहू दे, तेवढाच घरगुतीपणा.

आता गिऱ्हाईक निवडायचं. मला पहिला फोन मिरजेहून आला. साडेचार हजार लावलेले, तो म्हणाला दोन देतो, गंज किती आहे, 2019 च्या महापुरात पाण्यात होतं का? होतं की. छातीएवढ्या पाण्यात उभं होतं, अजून दार नीट लागतंय, पण त्याला त्याचं कौतुक नाही. दुसरा तासगावचा, त्याला बेदाण्याच्या शेडवर ठेवायला पाहिजे होतं, तो म्हणाला रविवारी येऊन बघतो आणि टेम्पोचं भाडं निम्मं तुम्ही घाला. असल्या कटकट्या माणसांना लगेच कटवा. मी कटवलं. तिसरा फोन हिंदीतनं आला, "सर, प्राइस ठीक है, आज ही पेमेंट कर देता हूँ." बघणं नाही, दार उघडून दाखवा नाही, आत खण किती विचारणं नाही. कोथिंबिरीच्या पेंडीवर कढीपत्ता फुकट मागून घेणारे आपण, आणि एक माणूस गंजकं कपाट न बघता पूर्ण किमतीला घेतो म्हणतोय, तर खरं म्हणजे तिथंच टाळक्यात घंटा वाजायला पाहिजे होती. माझ्या टाळक्यात वाजली ती टेम्पोची घंटी, आता कपाट जातंय म्हणून.

तर गिऱ्हाईक फौजी असेल तर डोळे झाकून विश्वास ठेवा. हा मेन मुद्दा आहे. तो म्हणाला मी आर्मीत, बदली होऊन तुमच्याकडं आलोय, कपाट न्यायला आमची गाडी येईल. लगेच व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, कँटीन कार्ड, आधार, सगळं न मागता. आता तुम्हीच सांगा, आपल्या भागात फौजेवर शंका कोण घेतं? शेजारच्या साताऱ्यात आपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे, गावाच्या नावातच मिलिटरी. आपल्याकडं सुट्टीवर आलेल्या जवानाला एसटीत लोक उठून जागा देतात. माझा मामा फौजेत होता, त्याचा फोटो अजून हॉलमधे आहे. आणि हे हरामखोर बरोबर तेच धरतात. ते कार्ड खऱ्या जवानाचंच असतं बऱ्याचदा, त्यानं कधीतरी कुणाला तरी पाठवलेलं, नायतर त्यालाच आधी फसवून घेतलेलं, तो बिचारा कुठंतरी बॉर्डरवर ड्युटी करतोय आणि इकडं त्याच्या तोंडावर कुणीतरी कपाटं, फ्रिज, सोफे विकत घेतंय! आणि मी शहाणा त्याला वर "जय हिंद सर" म्हणालो. दोनदा म्हणालो. पैशापेक्षा ते जास्त लागलंय.

असो. पुढची युक्ती, पैसे घ्यायला पिन टाका. तो आधी पाच रुपये पाठवतो, खरेच येतात, टिंग वाजतं, आपण खूश. मग क्यूआर कोड पाठवतो, म्हणतो आमचं आर्मीचं पेमेंट वेगळं असतं, हा स्कॅन करा, रक्कम टाका, पिन टाका, की तुमच्या खात्यात जमा. मी टाकला. साडेचार हजार गेले. "ओहो सर, गलती से उल्टा हो गया, रिफंड का दूसरा कोड भेजता हूँ." तोही टाकला. परत साडेचार. फोन तो कट करूच देत नाही, तोंडाचा पट्टा चालूच, विचार करायला जागाच नाही. तिसरा कोड नऊ हजारांचा होता, दोन्ही रिफंड एकदम म्हणे. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "पैसं आपल्याला यायच्यात न्हवं, मग तू कशाला आकडं दाबालाईस?"

आई सातवी शिकली आहे. मी बीकॉम.

स्क्रीन शेअर करायचं ॲप टाका म्हणाला तर टाका. एपीके फाइल, म्हणजे फोनमधे परस्पर ॲप घुसवणारी फाइल, आली तर उघडा, लग्नाची पत्रिका असेल. स्टार, चारशे एक, स्टार आणि पुढं त्याचा नंबर डायल करा म्हणाला तर करा, तुमचे कॉल आणि कॉलवरचे ओटीपी त्याच्याकडं वळले म्हणजे तुम्हाला तेवढाच आराम.

आणि पैसे गेल्यावर घाई करू नका. आधी दोन दिवस त्याच नंबरला फोन लावत बसा. त्याला शिव्या टाइप करून पाठवा, एकच टिक येईल. मग बँकेला फोन करा, मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि ते संगीत. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "पिन तुम्हीच टाकलाय ना सर?" टाकलाय बाबा, मीच टाकलाय, माझंच बोट होतं!

जाऊ दे ते उपरोध बिपरोध. आता सरळ ऐका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करायला लागत नाही. कधीच नाही. पिन म्हणजे पैसे आपल्या खिशातनं जाणार, 2016 ला यूपीआय आलं तेव्हापासून हेच आहे. एका माणसानं दुसऱ्याला पैशाची रिक्वेस्ट पाठवून पिन टाकायला लावायची वाट 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली, पण कोड स्कॅन करायला तुमचा हात कोण धरणार? पैसे गेले की त्याच मिनिटाला 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, पैसे पुढच्या खात्यात पळायच्या आत कळवलं तर अडवता येतात. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे, आपल्या चुकीनं गेलेले पैसे बँकेला कळवेपर्यंत आपल्या बोकांडी, कळवल्यानंतर गेले तर बँकेच्या. मी दोन दिवसांनी कळवलं, का, तर लाज वाटली म्हणून. ऑफिसात तर फोन बिघडलाय म्हणून सांगितलं.

आणि आता खरा राग. परवा समोरच्या काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, अय्या, आमचं पण तसंच झालं होतं की, दिवाळीत, वरची खोली भाड्यानं द्यायची जाहिरात टाकली होती, फौजीच होता, डिपॉझिट पाठवतो म्हणाला. अहो काकू! आपण रोज गेटवर भेटतो, पाणी कधी येणार, कचऱ्याची गाडी का आली नाही, सगळं बोलता, आणि हे नाही बोलला? आणि मी तरी काय वेगळं केलं, फोन बिघडलाय म्हणे. गल्लीत आणखी किती घरं अशी गप्प बसलीत कुणाला माहीत. झाकून कुणाची अब्रू वाचली ओ? त्या भामट्याचा धंदा तेवढा वाचला. तुमचं झालं असेल तर आज संध्याकाळी कट्ट्यावर बोला, हसतील हसणारे. माझ्यावर पण हसले, तासगावचा तर फोनवरच हसला, आणि आता कपाटाचे सतराशे देतो म्हणतोय.